कॉकपिटमधील रंगभाषा : लाल म्हणजे ‘आत्ताच’

विमानाच्या कॉकपिटमधील पडद्यांवर दिसणारे लाल, अंबर, हिरवे, आकाशी आणि मॅजेंटा रंग सजावटीसाठी नसतात. प्रत्येक रंगाला ठरलेला अर्थ असतो आणि धोक्याच्या प्रसंगी तो अर्थ एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : वैमानिकापाशी वेळ किती आहे? या रंगभाषेची घडण, तिचे बळ आणि तिच्या मर्यादा यांचा हा परिचय.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे झेपावले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. किनारा मागे पडताच समोर केवळ काळोख होता. समुद्र कोठे संपतो आणि आकाश कोठे सुरू होते, हे डोळ्यांना कळण्याची सोय नव्हती. अशा वेळी वैमानिकाचा आधार असतो तो विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणाचा, म्हणजेच कृत्रिम क्षितिजाचा. कॅप्टनसमोरील नेमके हेच उपकरण बिघडले. उजवीकडे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी उपकरणावर ते उजवीकडेच कललेले दिसत राहिले. तो कल काढण्यासाठी कॅप्टनने विमान डावीकडे झुकवले आणि मुळात सरळ असलेले विमान डाव्या अंगावर कलत समुद्रात गेले, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला.

हा अपघात रंगांमुळे झाला नाही. तरीही कॉकपिटमधील रंगांचा विचार येथूनच सुरू करणे योग्य ठरते. आजच्या प्रवासी विमानातील कृत्रिम क्षितिजाचा वरचा भाग निळा आणि खालचा भाग तपकिरी असतो. वर आकाश, खाली माती. ही खूण कोणाला शिकवावी लागत नाही. एका नजरेत विमान सरळ आहे की कलले आहे, नाक वर आहे की खाली, हे समजते. मात्र उपकरणाला मिळणारी माहितीच चुकीची असेल, तर निळ्या-तपकिरी रंगांतील ते चित्र चुकीची गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगेल. रंग माहिती लवकर पोहोचवतो. ती खरी आहे याची हमी तो देत नाही. कॉकपिटमधील रंगांचे सारे शास्त्र या दोन वाक्यांच्या मध्ये उभे आहे.

तबकड्यांपासून पडद्यापर्यंत

कॉकपिटमध्ये रंग पडद्यांच्याही आधी आले. लहान विमानाच्या वेगमापकाच्या तबकडीवर आजही रंगीत कंस आढळतात. पंखांच्या मागील झडपा, म्हणजे फ्लॅप, उघडे ठेवून ज्या वेगात उडता येते तो टप्पा पांढऱ्या कंसाने दाखवतात. नेहमीच्या उड्डाणाचा वेग हिरव्या कंसात येतो. पिवळ्या कंसातील वेग केवळ शांत हवेत आणि सावधपणे गाठायचा असतो. कंसाच्या शेवटी असलेली लाल रेघ कधीही ओलांडायची नसते. दोन इंजिनांच्या लहान विमानात आणखी एक निळी रेघ असते. एक इंजिन बंद पडल्यास ज्या वेगाने विमान सर्वांत लवकर उंची गाठू शकते, तो वेग ही रेघ दाखवते. काटा कोणत्या आकड्यावर आहे हे वाचण्यापूर्वीच तो कोणत्या रंगात आहे हे वैमानिकाला दिसते. रंगाचा पहिला फायदा हाच.

मोठ्या प्रवासी विमानांत खरा बदल घडला तो १९८० च्या दशकात. १९८२ मध्ये बोइंग ७६७ आणि १९८३ मध्ये बोइंग ७५७ व एअरबस ए-३१० ही विमाने प्रवासी सेवेत आली. त्यांच्या कॉकपिटमध्ये अनेक तबकड्यांची जागा दूरचित्रवाणीसारख्या रंगीत पडद्यांनी घेतली. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० ने ही पद्धत आणखी पुढे नेली. अशा कॉकपिटला ‘ग्लास कॉकपिट’ हे नाव पडले. त्यानंतर काचनळीच्या जागी सपाट एलसीडी पडदे आले.

तबकडीवर रंगवलेला कंस एकदाच रंगवला जाई. पडद्यावरचे चिन्ह मात्र प्रसंगानुसार रंग बदलू शकते. हे सामर्थ्य मोठे होते आणि मोहात पाडणारेही. प्रत्येक गोष्टीला वेगळा रंग देणे तांत्रिकदृष्ट्या सोपे झाले. तसे केल्यास वैमानिकाला मदत होईल की त्याचा गोंधळ उडेल, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे.

रंग बिघाडाचा नव्हे, घाईचा

प्रवासी विमानांच्या रचनेसंबंधी अमेरिका आणि युरोप या दोन्ही ठिकाणच्या नियमांनी इशाऱ्यांचे रंग ठरवून दिले आहेत. वैमानिकाने ताबडतोब दखल घेऊन ताबडतोब कृती करावी, असा इशारा लाल रंगात द्यायचा. ताबडतोब दखल हवी पण कृती थोडी नंतर चालेल, असा इशारा अंबर किंवा पिवळ्या रंगात. अंबर म्हणजे वाहतूक दिव्यातील मधल्या दिव्यासारखा पिवळसर नारिंगी. केवळ माहितीदाखल असलेल्या तिसऱ्या पातळीच्या सूचनेसाठी लाल आणि हिरवा सोडून अन्य रंग वापरता येतो. अमेरिकेने २०१० मध्ये या नियमाची सुधारित आवृत्ती काढली. इशाऱ्यांखेरीज इतर कारणांसाठी लाल, अंबर आणि पिवळ्या रंगांचा वापर मर्यादित ठेवावा, अशी अटही तीत आहे. कारण उघड आहे. रोज दिसणारा लाल रंग संकटाच्या दिवशी उठून दिसणार नाही.

हे रंग बिघाडाचे नाव सांगत नाहीत, निकड सांगतात. ए-३२० विमानात हायड्रॉलिक दाबाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात. त्यांपैकी एकीचा दाब गेला तर अंबर इशारा येतो. उरलेल्या दोन यंत्रणांवर विमान नीट उडते आणि वैमानिकाला पुस्तिकेप्रमाणे शांतपणे पावले टाकता येतात. दोन यंत्रणा गेल्या तर तोच इशारा लाल होतो. बिघाड त्याच जातीचा असतो, पण हाती असलेला वेळ आटलेला असतो. इंजिनाला आग लागणे किंवा केबिनमधील हवेचा दाब घसरणे हे इशारे तर थेट लालच असतात.

रंगासोबत आवाजही जोडलेला असतो. एअरबसच्या कॉकपिटमध्ये लाल इशाऱ्याबरोबर वैमानिकासमोरील मुख्य दिवा लुकलुकतो आणि घंटानाद सतत होत राहतो. अंबर इशाऱ्याला दिवा स्थिर पेटतो आणि घंटा एकदाच वाजते. डोळे बाहेर लागलेले असले तरी कानांना पातळी समजावी, हा त्यामागील हेतू.

सर्व काही सुरळीत असेल तेव्हा वरच्या फलकावरील दिवे विझलेले राहावेत, असे आधुनिक कॉकपिटचे तत्त्व आहे. त्याला ‘डार्क कॉकपिट’ म्हणतात. अंधारलेल्या फलकावर एखादाच दिवा पेटला की नजर आपोआप तिकडे जाते.

कोणता रंग, कोणता अर्थ?

ए-३२० च्या पडद्यांवरील रंगांचे नेहमीचे अर्थ पुढीलप्रमाणे सांगता येतात.

- लाल : ताबडतोब कृती हवी; ओलांडू नये अशी मर्यादा.
- अंबर : लक्ष द्या, ताबडतोब कृती आवश्यक नाही.
- हिरवा : यंत्रणा नेहमीप्रमाणे चालू. संगणकात भरलेला चालू मार्गही हिरव्या रेषेने दाखवतात.
- पांढरा : मथळे, मोजपट्ट्या, मार्गदर्शक टिपा.
- आकाशी निळा : करावयाची कृती, वैमानिकाने स्वतः निवडलेले वेग व उंचीचे आकडे.
- मॅजेंटा : संगणकाने ठरवलेले लक्ष्य, काही विशेष संदेश.

मॅजेंटा म्हणजे साड्यांच्या दुकानात ज्याला ‘राणी रंग’ म्हणतात, त्याच्या जवळचा. निसर्गातील आकाश, ढग, जमीन यांत तो सहसा आढळत नाही. त्यामुळे पडद्यावर तो चटकन वेगळा दिसतो.

एक चिन्ह, चार अवस्था

रंग आणि आकार यांचा एकत्रित वापर कसा करावा, याचे उत्तम उदाहरण म्हणजे विमानांची हवेतील टक्कर टाळणारी ‘टीकॅस’ यंत्रणा. भारताच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ जणांचा बळी गेला. त्यानंतर भारतीय हवाई हद्दीत येणाऱ्या प्रवासी विमानांना अशी यंत्रणा सक्तीची करण्यात आली.

टीकॅसच्या पडद्यावर आसपासचे प्रत्येक विमान एका छोट्या चिन्हाने दिसते. दूरचे विमान म्हणजे पांढरा किंवा आकाशी पोकळ चौकोन, पत्त्यांतील चौकटसारखा टोकावर उभा. विमान जवळ आले की चौकट आतून भरलेली दिसते. टक्कर होण्याची शक्यता निर्माण झाली की चौकट जाऊन तेथे भरीव अंबर वर्तुळ येते आणि ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज ऐकू येतो. विमाने किती उंचीवर आहेत त्यानुसार, हा टप्पा संभाव्य टकरीच्या साधारण २० ते ४८ सेकंद आधी येतो. धोका आणखी वाढला की वर्तुळाचा लाल चौरस होतो. त्या वेळी वैमानिकाला ‘वर चढा’ किंवा ‘खाली उतरा’ असा थेट आदेश मिळतो. चिन्हाशेजारी ते विमान आपल्यापेक्षा किती उंचावर वा खाली आहे याचा आकडा असतो आणि ते चढत वा उतरत असेल तर बाणही दिसतो.

या रचनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, धोका वाढेल तसा रंग बदलतो आणि त्याबरोबर आकारही बदलतो. रंग ओळखता आला नाही तरी चौकट, वर्तुळ आणि चौरस यांत गल्लत होत नाही. दुसरी, आदेश देतानाही रंग नेमके काम करतो. चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या पट्टीवर जो भाग टाळायचा तो लाल आणि जेथे काटा न्यायचा तो हिरवा होतो. वैमानिकाला आकडा वाचून गणित करावे लागत नाही. काटा लाल भागातून बाहेर काढून हिरव्या भागात नेला की झाले. काही सेकंदांच्या मुदतीत एवढी सोपी आज्ञाच उपयोगाची असते.

डोळा काय पाहतो, काय पाहत नाही

रंगामुळे शोध जलद का लागतो? पांढऱ्या चिन्हांच्या गर्दीत एकच लाल चिन्ह असेल, तर चिन्हांची संख्या दहा असो वा पन्नास, ते जवळजवळ सारख्याच वेगाने सापडते. ॲन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने याचे स्पष्टीकरण दिले. रंगासारखे साधे लक्षण मेंदू साऱ्या दृश्यात एकाच वेळी टिपतो. दोन लक्षणांचा मेळ, म्हणजे ‘लाल आणि गोल’ असे काही शोधायचे असेल, तर मात्र लक्ष एकेका चिन्हावरून फिरवावे लागते. याआधी १९७५ मध्ये रिचर्ड ख्रिस्त यांनी रंगांविषयीच्या तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. वस्तू शोधण्यात रंगाचा मोठा उपयोग होतो, पण काही परिस्थितीत तोच रंग कामात अडथळा ठरतो, असे त्यांना आढळले. म्हणजे, जो रंग आपल्या कामाचा नाही तोही डोळ्यांना खेचून घेतो.

यावरून आलेला व्यावहारिक नियम असा की, अर्थ सांगण्यासाठी वापरायचे रंग मोजके हवेत. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाच्या मार्गदर्शक सूचनांत सहाच्या आत राहणे चांगले मानले आहे. रंग यापेक्षा वाढले की त्यांचे अर्थ आठवावे लागतात आणि आठवणे हे पाहण्यापेक्षा मंद असते.

डोळ्याच्या रचनेमुळेही काही रंग गैरसोयीचे ठरतात. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जेथे सर्वांत बारीक दिसते तेथे, निळा प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. त्यामुळे शुद्ध निळ्या रंगातील बारीक अक्षरे आणि पातळ रेषा पुसट भासतात. म्हणून अक्षरांसाठी गडद निळ्याऐवजी उजळ आकाशी रंग निवडतात आणि निळा आकाशासारख्या मोठ्या पृष्ठभागासाठी ठेवतात. गडद लाल आणि गडद निळा शेजारी ठेवले तर डोळ्याला दोन्हींवर एकदम नजर स्थिर करणे जड जाते. याशिवाय प्रकाशाचा प्रश्न आहेच. ढगांच्या वर थेट ऊन पडद्यावर आले की रंग फिके पडतात आणि पिवळा व पांढरा यांतील फरक कमी होतो. रात्री तोच पडदा डोळे दिपवू शकतो. कोणत्याही प्रकाशात लाल हा अंबरपासून वेगळा दिसलाच पाहिजे, ही पडद्याची कसोटी असते.

रंगदृष्टीतील दोष हा आणखी एक मुद्दा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल आणि हिरव्या छटांमध्ये कमी-अधिक गोंधळ होतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीची चाचणी असते ती याचसाठी. २६ जुलै २००२ रोजी अमेरिकेत टॅलाहासी येथे पहाटेच्या अंधारात उतरताना मालवाहू बोइंग ७२७ धावपट्टीआधीच झाडांवर आदळले. तिघे कर्मचारी जखमी झाले, पण बचावले. धावपट्टीशेजारी उतरण्याचा योग्य कोन दाखवणारे चार दिवे असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले की कोन योग्य असतो. लाल जितके अधिक, तितके विमान खाली आलेले असते. विमान चालवत असलेल्या सहवैमानिकाच्या रंगदृष्टीत दोष होता आणि थकव्याबरोबरच हा दोषही अपघाताला कारणीभूत ठरला, असे तपास यंत्रणेने नमूद केले. हे दिवे कॉकपिटबाहेरचे असले, तरी धडा आतल्या पडद्यांनाही लागू पडतो. जीवनमरणाचा निरोप एकट्या रंगावर सोपवू नये. त्याला जागा, आकार, अक्षर किंवा आवाज यांची जोड हवी.

मॅजेंटा रेषेमागे

रंगांची भाषा सर्व विमानांत तंतोतंत सारखी नाही. लाल आणि अंबर यांच्याबाबत एकमत आहे, पण पुढे वाटा फुटतात. बोइंगच्या नकाशावर संगणकातील चालू मार्ग मॅजेंटा रेषेने दाखवतात, तर एअरबसमध्ये हिरव्या. एका बनावटीच्या विमानावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वैमानिकाला नव्या प्रशिक्षणात हा फरकही अंगवळणी पाडावा लागतो.

याच मॅजेंटा रेषेवरून एक वाक्प्रचार रूढ झाला. अमेरिकन एअरलाइन्समधील कॅप्टन वॉरन व्हँडरबर्ग यांनी १९९७ मध्ये वैमानिकांपुढे दिलेल्या व्याख्यानात ‘मॅजेंटाची मुले’ असा शब्दप्रयोग केला. संगणकाने आखलेल्या रेषेमागे निमूटपणे जाणारे आणि गडबड झाली की स्वतः विमान हाती घेण्याऐवजी संगणकाची बटणे दाबत बसणारे वैमानिक त्यांना अभिप्रेत होते. या इशाऱ्याला ताजा संदर्भ होता. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराकडे निघालेल्या त्यांच्याच कंपनीच्या बोइंग ७५७ मध्ये, जवळच्या दिशादर्शक केंद्राऐवजी बोगोटाजवळचे केंद्र संगणकात निवडले गेले. विमान वळले आणि डोंगरावर आदळले. १५९ जण ठार झाले. संगणकाने दिलेली आज्ञा चोख पाळली होती. आज्ञाच चुकीची होती.

या अपघातानंतर भूभागाचा नकाशा दाखवणारी सुधारित इशारा यंत्रणा प्रवासी विमानांत आली. आपल्या उंचीच्या मानाने सुरक्षित खाली असलेली जमीन हिरव्या ठिपक्यांनी, जवळची पिवळ्या आणि धोकादायक उंचीचा डोंगर लाल ठिपक्यांनी दिसतो. मात्र हवामान रडारवरही हलका पाऊस हिरवा, मध्यम पिवळा आणि जोरदार पाऊस लाल असतो. डोंगर आणि ढग यांचे रंग एकच झाल्यावर गोंधळ टाळणार कसा? त्यासाठी भूभाग ठिपक्यांच्या जाळीने आणि पाऊस सलग रंगाने दाखवतात. शिवाय ही दोन्ही चित्रे एकाच पडद्यावर एका वेळी येऊ देत नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीवरून मुंबईकडे उतरणाऱ्या विमानाला ही दोन्ही चित्रे लागतात, हे लक्षात घेतले की या छोट्याशा व्यवस्थेचे मोल कळते.

एकाच रंगाचा पडदा

रंग उपयुक्त असला तरी अपरिहार्य नाही, याचा पुरावा वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील पारदर्शक काचेवर मिळतो. ‘हेड-अप डिस्प्ले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या काचेवर वेग, उंची, क्षितिज ही सारी माहिती बाहेरच्या दृश्यावरच उमटते. एअर इंडियाच्या ताफ्यात २०१२ मध्ये दाखल झालेल्या बोइंग ७८७ मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर अशी काच असते. तिच्यावरील सर्व चिन्हे एकाच हिरव्या रंगाची असतात. दिवसा मानवी डोळा हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, हे त्यामागचे एक कारण. येथे लाल इशारा देता येत नाही. मग चौकट, रेषेची जाडी, लुकलुकणे आणि अक्षरे यांनी तेच काम करावे लागते. ज्या चिन्हाचा अर्थ रंग काढून घेतल्यावरही कळतो, ते चिन्ह उत्तम, असा धडा या काचेने रंगीत पडद्यांच्या रचनाकारांना दिला आहे.

पुन्हा त्या क्षितिजाकडे

‘सम्राट अशोक’च्या दुर्घटनेला आता जवळपास अर्धशतक होत आले. आजच्या कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांसमोरील क्षितिजांची संगणक सतत तुलना करतो. ए-३२० मध्ये दोन्हींत ५ अंशांचा फरक पडला की पडद्यांवर ‘चेक ॲट’, म्हणजे ‘कल तपासा’, असा अंबर संदेश उमटतो. उपकरणाला माहिती मिळणेच थांबले, तर क्षितिज पडद्यावरून नाहीसे होते आणि त्याजागी लाल अक्षरे येतात. खोटे चित्र दाखवण्यापेक्षा चित्र न दाखवणे बरे, हा विचार त्यामागे आहे. दोघांपैकी कोणाचे क्षितिज खरे, हे ठरवण्यासाठी मध्यभागी तिसरे स्वतंत्र क्षितिज असते.

अंबर संदेश ‘तपासा’ एवढेच सांगतो. दोन क्षितिजांतील खरे कोणते, हे तो सांगत नाही. तिसऱ्या क्षितिजाकडे मान वळवून पाहणे आणि सहवैमानिकाला विचारणे हे काम माणसाचेच राहते. निळ्या आणि तपकिरी रंगांनी ते काम सोपे केले आहे, त्यातून सुटका मात्र केलेली नाही. रात्रीच्या विमानाने मुंबईहून समुद्रावर झेपावताना खिडकीबाहेर काही दिसेनासे होते, तेव्हा पुढच्या दाराआड दोन माणसे नेमके हेच करत असतात.